ओल्या गोणपाटाचा बोगदा

चैत्र लागला की नगर-दौंड रस्त्यावर सुटे केलेले पाळणे दिसू लागतात. रस्त्याच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, बोलण्यात अजून नगरच. ट्रकच्या हौद्यात लोखंडी आरे एकावर एक रचलेले असतात, त्यांवर बसायच्या रंगीत पेट्या उलट्या ठेवलेल्या, त्यांवर गाद्या आणि गाद्यांवर झोपलेली माणसं. गावोगावच्या यात्रा एकामागून एक येतात. आज इथे उभा असलेला पाळणा चार दिवसांनी पुढच्या गावात उभा राहतो. पावसाळ्यात हे सगळं लोखंड कुठे जातं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. नगरला लागून असलेल्या भिंगारमध्ये काही घरांच्या मागच्या अंगणात ते ताडपत्रीखाली पडलेलं असतं आणि त्यावर दोडक्याचे वेल चढलेले असतात.

परवा अशाच एका ट्रकमागे आमची गाडी बराच वेळ अडकली. ट्रकच्या मागच्या फळीला फायबरचं एक हिरवं डोकं बांधलं होतं. जबडा उघडा, दात पिवळे, एक डोळा फुटलेला. पुढे जायला जागा नव्हती. मुलगी मुक्ता शेजारी बसली होती. ती पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जगभरातल्या रोलर कोस्टरचे व्हिडिओ पाहायचे आणि प्रत्येकाला गुण द्यायचे, हा तिचा छंद आहे. तिने त्या डोक्याकडे नीट पाहिलं.

“याला थीम नाहीये,” ती म्हणाली. “नुसतं तोंड लावलंय.”

“तोंड लावलं की थीम झाली नाही का?”

“नाही ना, बाबा. थीम म्हणजे गोष्ट. तुम्ही रांगेत उभे राहता तिथपासून ती सुरू व्हायला पाहिजे. तोंड काय, कुणीही लावेल.”

काष्टीच्या अलीकडे ट्रक डावीकडच्या कच्च्या रस्त्याला लागला आणि धुळीत दिसेनासा झाला. मुक्ता पुन्हा मोबाईलकडे वळली.

तिचं म्हणणं चूक नाही. गेल्या हिवाळ्यात तिच्या आग्रहावरून घाटाखालच्या एका मोठ्या पार्कात दिवस घालवला. तिथे खाणीची थीम असलेली राइड आहे. डोंगर सिमेंटचा आहे, पण त्यावरचं शेवाळ रंगवलेलं नाही, कोकणातल्या पावसाने खरंच उगवलेलं आहे. रांग गुहेतून जाते. गुहेत कंदील, मोडकी फावडी, लाकडी खोकी, भिंतीआडून येणारे कुदळीचे आवाज. माणूस त्या अंधारात इंचाइंचाने पुढे सरकत राहतो. गाडीत बसेपर्यंत तो पर्यटक न राहता कामावर चाललेला मजूर होतो. मग लोखंडी दांडा मांडीवर येऊन बसतो, गाडी चढाला लागते, वर पोचते, क्षणभर थांबते. पुढचं सगळं ओरडण्यात जातं.

त्याआधी एकदा दुबईला जाणं झालं होतं. तिथे भाचा नोकरीला आहे. त्याने आम्हाला छताखालच्या एका पार्कात नेलं. बाहेर वाळवंट, आत जंगल. गाडी जंगलातून धावते. झाडं प्लास्टिकची, धुकं यंत्राचं, वास मात्र ओल्या मातीचा. तो कुठून सोडतात, हे शोधायचा प्रयत्न केला. सापडलं नाही.

दोन्हींची तुलना करायची तर उतार खाणीचा चांगला आणि गोष्ट जंगलाची. खाणीतली गोष्ट रांगेतच संपते. गाडी सुटल्यावर एका वळणावर डोंगराची मागची बाजू दिसते. तिथे सिमेंट लावलेलं नाही. लोखंडी खांब दिसतात आणि खांबांमध्ये बांधलेल्या दोरीवर कुणाचे तरी शर्ट वाळत असतात. जंगलाला मागची बाजू नाही. निदान दिसत नाही. मोठ्या पार्कांचा खरा खर्च पुढची बाजू उभारण्यात होतो असं वाटतं, पण तो मागची बाजू लपवण्यात होत असावा. मुक्ताने जंगलाला खाणीपेक्षा वरचे गुण दिले आणि त्याच पार्कातल्या एका उघड्या, काहीही न सजवलेल्या लोखंडी राइडला त्याहून वरचे. ती राइड सर्वांत वेगवान होती. तिच्याबद्दल आता एवढंच आठवतं.

दोन्ही ठिकाणी, गुहेतही आणि जंगलातही, एक तिसरी राइड मध्येच आठवत राहिली. ती श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावी, भैरवनाथाच्या यात्रेत, एका चैत्रात आली होती. मुक्ता तेव्हा सहा वर्षांची होती. तिला त्यातलं काही आठवत नाही.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. गावाला टँकर चालू होता. टँकर येण्याआधी शाळेच्या भिंतीला लागून हंड्यांची रांग लागायची. माणसं सावलीत आणि हंडे उन्हात. कुणाचा हंडा कुणाच्या पुढे, यावरून रोज एक भांडण व्हायचं आणि टँकर आला की मिटायचं. यात्रा साधी करायची असं ठरलं. कुस्त्यांचा हगामा ठेवला, तमाशा रद्द केला. पाळणेवाल्यांना मात्र कुणी नको म्हटलं नाही. पोरांना काहीतरी हवं, एवढंच कारण.

देवळामागच्या रानातला कांदा नुकताच काढला होता. रान मोकळं होतं आणि वाऱ्यावर कांद्याची टरफलं उडत होती. त्या रानात मोठा पाळणा उभा राहिला, पेट्या गरागरा फिरवणारा ब्रेक डान्स उभा राहिला. सर्वांत कडेला, देवळाच्या भिंतीलगत, एक छोटी गाडी उभी राहिली. चार डब्यांची. दोन लहान चढ, दोन उतार, एक वळण. पुढे ड्रॅगनचं तोंड होतं, पण ते हिरवं असल्यामुळे गावाने पहिल्याच दिवशी तिला मगर हे नाव दिलं. नंतर मालकीणबाईही मगरच म्हणू लागल्या.

मालकीणबाई म्हणजे भिंगारच्या रंजनाबाई. नवरा गेल्यावर त्यांनी आणि त्यांचा दीर सोपान याने हा धंदा पुढे चालवला होता. एक लहान पाळणा आणि ही गाडी, एवढंच सामान. सोपानला गाडी नको होती. तिला वेगळा ट्रक लागायचा, जास्तीची माणसं लागायची आणि लोक मोठ्या पाळण्याकडे जायचे. गाडी भंगारात घालून नुसता पाळणा ठेवावा, असं त्याचं म्हणणं. या यात्रेत गाडी चालली तर राहील, नाही तर इथूनच भंगारात जाईल, असं दोघांमध्ये ठरलं होतं. रंजनाबाईंनी हे लपवून ठेवलं नाही. रूळ जोडताना बघायला जमलेल्या गावकऱ्यांना, कुणी विचारलं नसताना, त्यांनीच सांगितलं.

“बसा बरं का समदे. न्हाईतर पुढल्या वर्सी तव्यात दिसंल ही तुमाला.”

“तवा करतेत व्हय हिचा?” कुणीतरी विचारलं.

“मग काय देव्हारा करतेत?”

त्या वर्षी त्यांनी शेवटचा उपाय म्हणून गाडीला बोगदा केला होता. वाकवलेले पाइप, त्यांवर पत्रा, दोन्ही तोंडांना ताडपत्री. बोगद्यावर भिंगारच्या एका पेंटरकडून डोंगर रंगवून घेतला होता. रंजनाबाईंचं माहेर अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या बाजूचं. पेंटरने आधी त्रिकोणी डोंगर काढले होते. त्यांनी ते खोडायला लावले. डोंगर असा टोकदार नसतो, तो वरून सपाट असतो आणि कडेला एकदम तुटतो, असं त्यांनी त्याला हाताने हवेत काढून दाखवलं होतं. मग कड्यावरून पडणारं पांढरं पाणी आलं, खाली भाताची खाचरं आली आणि खाचरात डोक्यावर इरलं घेतलेली एक वाकलेली बाई आली. आमच्या गावात इरलं कुणी पाहिलं नव्हतं. बाईच्या पाठीवर टोपली का उपडी घातलीय, असं पोरं विचारायची. पावसात भिजू नये म्हणून पानांचं करतात, असं रंजनाबाई सांगायच्या. पोरांचा विश्वास बसायचा नाही. दिवसभर शेतात उभं राहावं लागेल इतका वेळ पाऊस पडतो, हीच त्यांना थाप वाटायची.

“आमच्याकडं ढग घरात येत्यात,” त्या म्हणायच्या. “चुलीपशी बसत्यात.”

“मग हाकलत न्हाई का त्यान्ला?”

“पाव्हन्याला कुनी हाकलतं व्हय?”

बोगद्याच्या आत गोणपाटाच्या पट्ट्या टांगल्या होत्या, गाडीत बसलेल्या माणसाच्या तोंडापर्यंत येतील अशा. छतावर ड्रम आणि ड्रमला जोडलेली ठिबकची नळी. शेतात उसाच्या मुळाशी थेंब सोडते ती नळी इथे गोणपाटावर थेंब सोडत होती. गाडी चढावरून सुटायची, ऊन डोळ्यांत घेऊन ताडपत्रीच्या अंधारात शिरायची आणि तोंडावरून, मानेवरून, उघड्या दंडांवरून काहीतरी गार, ओलं, खरखरीत सरकून जायचं. बाहेर दुपार कलली तरी पायाखालची ढेकळं तापलेली असायची. आत दोन-तीन क्षण अकोल्याचा आषाढ. पहिल्या संध्याकाळी आत गेलेली प्रत्येक गाडी किंचाळत बाहेर आली. ओरडणं संपलं की माणसं हसायची, एकमेकांच्या ओल्या कपाळाकडे बघायची आणि पुन्हा रांगेत जायची. मुक्ता बाहेर आल्यावर बोगद्याच्या मागच्या बाजूला जाऊन आली. पाऊस कुठे गेला, एवढंच तिने विचारलं होतं.

बोगद्याची मागची बाजू सताड उघडी दिसत होती. पत्रा, तारा, ड्रम, सगळं. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

यात्रेच्या बातम्या नगरच्या दैनिकात त्या दिवसांत ढिगाने यायच्या. मी तिथेच नोकरीला होतो; डेस्कवर त्या लावताना फारसं काही करावं लागत नसे. काठी, कावडी, छबिना, हगामा, शांततेत पार. गावाचं नाव तेवढं बदलायचं. मगरीसारख्या गोष्टींना त्या साच्यात जागा नव्हती. त्यामुळे हे सगळं छापील स्वरूपात कुठेही नाही. जे आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं आणि थोडं तिथल्या माणसांकडून ऐकलेलं.

दुसऱ्या सकाळी यात्रा कमिटीचे प्रमुख तात्या बोगद्यापाशी आले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, टोपी सरळ घालणारा आणि आवाज न चढवणारा माणूस. त्यांनी नळीखाली तळवा धरला. हात ओला झाला.

“बाई, पानी कुठलं हे?”

“भिंगारवरनं ड्रम भरून आनला होता, तात्या.”

“आनि तो सपल्यावर?”

रंजनाबाईंनी शाळेच्या भिंतीकडे, हंड्यांच्या रांगेकडे पाहिलं. ड्रम आदल्या संध्याकाळीच संपला होता. सकाळी टँकरवाल्याने त्यांना थोडं पाणी दिलं होतं.

“गावच्या बाया हंडे मांडून बसल्यात,” तात्या म्हणाले. “त्या मला इचारतील, तात्या, मगरीला पानी हाय आन् आमाला न्हाई व्हय? मी काय सांगू?”

“वतत न्हाई ओ, नुसतं ठिबकतंय.”

“ठिबक आमाला शिकवू नका, बाई. आमी ठिबकवर ऊस काढलाय.”

“बरोबर हाय तुमचं,” रंजनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कॉक बंद केला. त्या वेळी कुणीच वाद घातला नाही. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

दुपारपर्यंत गोणपाट वाळून कडक झालं. पत्रा तापला. बोगद्यात शिरणारी माणसं घामेजून बाहेर येऊ लागली. “भट्टीय आत,” एकाने रांगेतल्या दुसऱ्याला सांगितलं आणि रांग ब्रेक डान्सकडे वळली. संध्याकाळी गाडी दोन-दोन माणसं घेऊन फिरत होती. रिकाम्या डब्यांचा रुळावर वेगळाच खडखडाट व्हायचा, तो लांबूनही ओळखू यायचा. सोपान देवळापुढे जाऊन फोनवर बोलून आला.

“वहिनी, भंगारवाला यात्रा उठायच्या दिवशी येतो म्हनला. टेम्पो घिऊन.”

“येऊ दे,” रंजनाबाई म्हणाल्या.

त्यांनी इरल्यातल्या बाईवरची धूळ पदराने पुसली, एवढंच त्या संध्याकाळचं दृश्य लक्षात आहे.

तिसऱ्या दिवशी कावडी आल्या. गोदावरीचं पाणी अनवाणी चालत आणून देवाला घालायचं, ही गावची जुनी रीत. दुष्काळामुळे त्या वर्षी कावडी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होत्या. ज्याला दुसरं काही करता येत नव्हतं, त्याने कावड उचलली होती. पोरांचे पाय सोललेले, खांद्यांवर वळ, आणि खांद्यावर ते पाणी, ज्यातला एक घोटही वाटेत कुणी घ्यायचा नाही. सकाळभर देवाला स्नान चाललं. देवाच्या अंगावरून उतरलेलं पाणी गोमुखातून दगडी कुंडात पडतं. त्यावर कुणाचा पाय पडता कामा नये, म्हणून ते कुंडातून काढून पिंपळाच्या मुळाशी घालतात. हे काम गुरवाचं. आमचे गुरव पन्नाशीचे, किडकिडीत, तोंडात कायम सुपारी.

रंजनाबाई कुंडापाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात बादली होती, पण ती त्यांनी पदराआड धरली होती.

“दादा, हे समदं पानी पिंपळाला?”

“व्हय.”

“पिंपळ तरी किती पील?”

गुरव हसले. त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “बाई, हे पायाखाली येता कामा न्हाई. रीत हाय.”

“माझं गोणपाट तर डोक्यावर असतंय.”

गुरवांनी कुंडावरून बोगद्याकडे पाहिलं. डोक्यावरचं पाणी पायाखाली येत नाही, हे खरं होतं. त्यांनी तात्यांना हाक मारली. तात्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, टँकरचं नाही ना. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, “मग माझं काय म्हननं न्हाई. देवाचं पानी, देव बघंल.”

ड्रम भरला. नळी चालू झाली. दुपारनंतर गोणपाट पुन्हा काळंभोर ओलं झालं, आणि बातमी रांगेच्या आधी गावभर पोचली. मगरीत गोदावरीचं पाणी आलंय.

पहिल्यांदा कुणी चप्पल काढली, ते सांगता येत नाही. एका म्हातारीने काढली असं म्हणतात. पट्ट्यांवरून गळणारे थेंब डब्यात पडणार, डब्यात आपले पाय, पायांत चपला. देवाच्या अंगावरचं पाणी चपलेवर कसं पडू द्यायचं? हे तिच्या मागच्याला पटलं, त्याच्या मागच्यालाही पटलं. थोड्याच वेळात मगरीच्या जिन्यापाशी चपलांचा ढीग झाला. मोठ्या पार्कांतही चढण्याआधी चपला काढायला लावतात. तिथे भिंतीत त्यांच्यासाठी कप्पे असतात आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस खेकसत असतो. चप्पल उडून कुणाला लागू नये, हे त्याचं कारण. इथे कुणी सांगितलं नव्हतं आणि कारण वेगळं होतं.

गाडी भरून गेली आणि कुणी ओरडलं नाही. चढावर नाही, उतारावर नाही, बोगद्यातही नाही. आत जाताना माणसांनी हात जोडले. ओली पट्टी कपाळावरून गेली तेव्हा डोळे मिटले. बायांनी तान्ही मुलं वर धरली. एका म्हाताऱ्याने उतारावर, पोटात गोळा येण्याच्या नेमक्या जागी, देवाचं नाव घेतलं. गाडी बाहेर आली तेव्हा चारही डब्यांतली माणसं कीर्तन ऐकून उठावं तशी शांतपणे उतरली.

मुक्ता ज्याला थीम म्हणते, ती लागू पडणं म्हणजे काय, याचं इतकं पुरं उदाहरण नंतर कुठेही पाहिलं नाही. गुहेत उभा असलेला माणूस मजूर झाला असं आपण म्हणतो, पण मजुरासारखा वागत नाही. तो फोटो काढतो. जंगलातला माणूस झाडाला हात लावून प्लास्टिक आहे याची खात्री करून घेतो. पार्क उभारणाऱ्यांना माहीत असतं की पाहुण्याने थोडंसंच विसरायचं आहे. पूर्ण विसरला तर तो घाबरेल किंवा रडेल, पण पुन्हा तिकीट काढणार नाही. आमच्या गावाने पूर्ण विसरून दाखवलं. गोष्ट इतकी खरी झाली की राइड उरली नाही.

आणि तिकीटही उरेना. एक बाई जिन्यापाशी थांबली आणि म्हणाली, “तीर्थाला तिकीट लावता व्हय, बाई?”

“तिकीट गाडीचं हाय, तीर्थाचं न्हाई.”

“मग मला गाडी नको. पट्टीला हात लावते नि जाते.”

ती बोगद्याच्या मागून गेली, ताडपत्री उचलली, पट्टीला लावलेला ओला हात डोळ्यांना लावला. तिच्यामागून आणखी बाया आल्या. थोड्या वेळाने मागच्या बाजूला रांग होती आणि पुढच्या बाजूला चपला. पलीकडे ब्रेक डान्सवर पोरी किंचाळत होत्या. किंचाळणं ही पाळण्याच्या धंद्यातली जाहिरात असते; ते ऐकून माणूस वळतो. मगरीतून काहीच ऐकू येत नव्हतं. तात्यांकडे तक्रार गेली. तात्या आले, दोन्ही रांगा पाहिल्या, टोपी काढून पुन्हा घातली.

“बाई, लोकं म्हनत्यात ते मला खोडून काढता येईना,” ते म्हणाले. “फुकट तर तुमाला परवडायचं न्हाई. मग गोणपाट काढा.”

“काढलं की भट्टी हुते, तात्या. ठेवलं की देऊळ. मी गाडी कवा चालवू?”

सोपान खाली बघून पान्याने रुळावर हळूहळू टकटक करत होता. भंगारवाला यायला फार वेळ उरला नव्हता आणि सगळ्यांना ते माहीत होतं. रंजनाबाईंनीच आल्या दिवशी सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी, गावातली माणसं हगाम्याला जायच्या आधी, त्या देवळात गेल्या. गुरव गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसले होते. पुढचं बोलणं सभामंडपात बसलेल्या पाच-सात जणांनी ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत गावाने.

“दादा, तुमी दिलेलं पानी तुमीच सोडवा.”

“म्हंजी काय करू?”

“चप्पल घालून मगरीत बसा.”

गुरवांच्या तोंडातली सुपारी थांबली. “मी?”

“तुमीच. दुसरं कुनी बसलं तर त्याला लोक नावं ठेवतील. तुमाला ठेवायची म्हनलं तरी देवाला इचारूनच ठेवावी लागतील.”

“बाई, मी जल्मात पाळन्यात बसलो न्हाई. यात्रेत मला हितनं हलता येत न्हाई. ल्हानपनापासनं वरनं आवाज ऐकतोय नुसता.”

“मग आता खालनं वरडा.”

सभामंडपातली माणसं हसली. गुरव हसले नाहीत. ते कुंडापाशी गेले, ओणवे होऊन पाण्याकडे पाहत राहिले. रीत त्यांच्या बापाने त्यांना सांगितली होती, बापाला त्याच्या बापाने. पायाखाली यायचं नाही. मग त्यांनी भिंतीकडच्या आपल्या रबरी चपला उचलल्या, पायात घातल्या आणि देवळाच्या पायऱ्या उतरले. त्यांच्यामागे सभामंडप, त्यामागे प्रसादाच्या दुकानांतली माणसं, त्यांच्यामागे आम्ही.

मगरीच्या जिन्यापाशी ते थांबले. चपलांच्या ढिगाकडे त्यांनी पाहिलं आणि वळून उभे राहिले.

“ऐका,” ते म्हणाले. “पानी देवाच्या अंगावर हुतं तवर तीर्थ. कुंडात हुतं तवर तीर्थ. आता ते गोणपाटात मुरलं, वाऱ्यानं उडालं. हा गारवा हाय. गारव्याला कसली चप्पल?”

गुरव पहिल्या डब्यात बसले, चपलांसकट. रंजनाबाईंनी स्वतः दांडा लावला. गाडी निघाली. चढावर त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला होता. वर गाडी क्षणभर थांबली आणि त्यांनी मान वळवून देवळाकडे पाहिलं. कळस त्यांनी इतक्या जवळून, त्या उंचीवरून, कधी पाहिला नसावा. मग गाडी सुटली, ताडपत्रीत शिरली, आणि आतून आवाज आला.

“आयायायाया! आरं मेलो रं!”

रानभर हसू फुटलं. ब्रेक डान्सच्या रांगेतली माणसं वळली. गाडी बाहेर आली तेव्हा गुरवांचा टिळा पुसला होता, केस कपाळाला चिकटले होते आणि ते दांड्यावर मूठ आपटत हसत होते. तात्यांनी पुढे होऊन विचारलं, कसं काय. गुरवांनी गळ्यावरून हात फिरवला.

“सुपारी गिळली,” ते शेवटी म्हणाले. “पुन्यांदा बसू का?”

“तिकीट काढा,” रंजनाबाई म्हणाल्या.

त्यांच्यामागे लगेच रांग लागली. पुढच्या बाजूला, चपला घालून. एका पायात चप्पल आणि एका पायात नाही, अशीही दोघं-तिघं होती. ढिगातून जोड शोधायला त्यांना दम नव्हता. त्या संध्याकाळी हगाम्यातल्या हलगीपेक्षा मगरीतल्या किंकाळ्या जास्त ऐकू आल्या. मागच्या ताडपत्रीपाशी काही म्हाताऱ्या बाया येतच राहिल्या. त्यांना रंजनाबाईंनी अडवलं नाही. ज्याला तीर्थ हवं त्याला मागून तीर्थ, ज्याला मगर हवी त्याला पुढून मगर. एकाच पाण्याचा असा दुहेरी हिशेब मोठ्या पार्कांत बसणार नाही. तिथे मागच्या बाजूला कुलूप असतं.

मुक्ताला हे सगळं परवा गाडीत सांगितलं. तिने मोबाईल मांडीवर उलटा ठेवला. बोगद्याची लांबी किती होती, गाडीचा वेग किती असेल, असं काही तिने विचारलं नाही.

“गुण किती देशील?” मी विचारलं.

“बसल्याशिवाय कसे देऊ?” ती म्हणाली. बसली होतीस, असं सांगितल्यावर ती खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर कांद्याच्या काढणीची रानं होती आणि त्यांपलीकडे कुठल्यातरी गावच्या यात्रेचा लाउडस्पीकर.

यात्रा उठली त्या सकाळी बोगद्याचे पत्रे सोडवायचं काम चालू होतं. ऊन वर आलं नव्हतं. पाळणा आधीच खाली उतरला होता आणि त्याच्या जागी रानात गोल, दाबलेला ठसा राहिला होता. रंजनाबाई पिंपळाच्या पारावर बसून गोणपाटाची एकेक पट्टी मुळाशी पिळत होत्या. शेवटच्या थेंबापर्यंत. गुरव बाजूला उभे राहून बघत होते. मग त्यांनी पिळलेल्या पट्ट्यांची घडी घालायला सुरुवात केली.

ठरल्याप्रमाणे भंगारवाल्याचा टेम्पो आला आणि रानाच्या कडेला उभा राहिला. माणूस खाली उतरला, मगरीच्या रुळांकडे वजन करावं तसं पाहू लागला. सोपानने पाना खाली ठेवला. हात पुसत तो पाराकडे आला.

“वहिनी, आलाय तो. काय सांगू?”

रंजनाबाईंनी हातातली पट्टी पिळून संपवली.

“त्याला म्हनावं, आला हायेस तर हात लाव. दुपारच्याला पुढल्या गावात उभं ऱ्हायचंय, आन् सोपान, तुला एकट्याला रूळ उचलायचा न्हाई.”

सोपान जाऊन त्याच्याशी काहीतरी बोलला. भंगारवाल्याने टेम्पोची किल्ली खिशात टाकली. मग त्याने बाह्या वर केल्या आणि रुळाचं दुसरं टोक धरलं.